उसनं उत्तर

धानापुरात बांगडी फुटत नाही, ती वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. संध्याकाळी दुकान बंद करायचं नसतं, तेही वाढवायचं, आणि पाहुणा उठला की 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. पूर्वी सगळीकडंच जुनी माणसं असं बोलत. पुढं टीव्ही-मोबाइलच्या भाषेनं त्यांची तोंडं धुऊन काढली. पण धानापूरच्या कासारगल्लीचं पोट बांगडीवर. तिथं 'फुटली' हा शब्द उंबऱ्याच्या आत कधी आलाच नाही. गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल, की डझनातली एक वाढली की उरतात अकरा.

अभद्र बोललं की अभद्र घडतं, अशी त्या माणसांची समजूत. अडाणीपणा म्हणा हवं तर. पण कंठपट्टी येईपर्यंत या अडाणीपणानं कुणाचं काही वाकडं झालं नव्हतं.

कंठपट्टीची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. राज्यातल्या सगळ्या सरकारी आणि पालिकेच्या शाळांतल्या आठवीच्या मुलांची एकच चाचणी घ्यायची, आणि तिच्यावरून कोण पुढं विज्ञान शिकणार आणि कोण हाताचं कौशल्य, हे ठरवायचं, अशी पद्धत पडली होती. चाचणी आली तशी तिची भावंडंही आली. कॉपी आली, आधीच बाहेर पडलेले पेपर आले, उत्तरं घोकून घेणारे क्लास आले. कागदावर बरोबर उत्तर लिहिणाऱ्या पोराला खरंच काही कळलंय का, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकेना. तेव्हा तज्ज्ञांनी मुलांचा हात सोडला आणि गळा धरला.

माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हा त्याचा गळा पूर्ण गप्प नसतो. 'सात नव्वे त्रेसष्ट' असं नुसतं मनात म्हटलं, तरी मेंदू जिभेच्या आणि स्वरयंत्राच्या स्नायूंना तो शब्द उच्चारण्याची अर्धवट आज्ञा पाठवतोच. ओठ हलत नाहीत, आवाज निघत नाही, पण त्या स्नायूंमधून विजेची एक अगदी क्षीण लहर जाते. शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं. नवीन होतं ते एवढंच, की रबराच्या मऊ पट्टीत बसवलेले संवेदक आता त्या लहरी कातडीवरून टिपू लागले आणि संगणक लहरींवरून शब्द ओळखू लागला. गळ्याभोवती पट्टी बांधून मूल गणित सोडवायला बसलं, की त्याच्या मनातली एकेक पायरी पडद्यावर उमटायची. मनातला रस्ता आणि कागदावरचं उत्तर जुळलं तर त्याला 'समज' म्हणत. उत्तर बरोबर, पण मनातला रस्ता भलतीकडंच जाणारा, तर ते उत्तर 'उसनं', म्हणजे शेजाऱ्याचं पाहिलेलं नाहीतर कुणीतरी आधी सांगून ठेवलेलं. चुकीच्या उत्तराचे नुसते गुण जायचे. उसन्याला मात्र क्षमा नव्हती.

हेतू वाईट नव्हता, हे प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. घोकंपट्टी खरंच कमी झाली. गरिबाघरची कितीतरी मुलं, ज्यांना कुणी विचारत नव्हतं, ती या पट्टीमुळं वर आली. सोनल वायदंडे, पालिकेच्या शाळा क्रमांक चारची गणिताची बाई, हे सगळ्यांना सांगत फिरायची. कंठपट्टीची बाजू घेऊन ती शिक्षकांच्या बैठकीत भांडलीही होती.

त्यामुळं पहिल्या फेरीचा निकाल लागला त्या दिवशी मुख्याध्यापक मुजावर सरांनी तिला हाक मारली, तेव्हा ती हसतच आत गेली.

"बसा," सर म्हणाले. "तुमची ईश्वरी कासार. तीन उत्तरं उसनी."

"शक्य नाही."

"मीही तेच म्हटलं. पण बघा ना."

त्यांनी पडदा तिच्याकडं वळवला. प्रश्न नफा-तोट्याचा होता. एका व्यापाऱ्याकडं बारा डझन बांगड्या होत्या, वाहतुकीत अठरा फुटल्या, उरलेल्या अमुक भावानं विकल्या, तर शेकडा नफा किती. खाली ईश्वरीच्या मनातल्या पायऱ्या होत्या. बारा बारे चव्वेचाळासे. अठरा वाढल्या. एकशे सव्वीस. पुढचं सगळं बिनचूक. पण 'वाढल्या'च्या पुढं यंत्रानं लाल फुली मारली होती आणि शेरा दिला होता: विद्यार्थिनीच्या मनात बेरीज, अपेक्षित उत्तर एकशे बासष्ट, लिहिलेलं उत्तर एकशे सव्वीस, सबब उसनं.

"मला आधी वाटलं, पोरीनं आकड्यांची अदलाबदल केली," सर म्हणाले. "मग लक्षात आलं. दुसऱ्या प्रश्नात नारळ आहेत, तिसऱ्यात काचेच्या बरण्या. सगळीकडं वाढल्याच."

सोनल आधी मोठ्यानं हसली. मग तिचं हसू आटलं. "सर, यंत्राला एवढं साधं कळत नाही?"

"यंत्र शिकलंय शहरातल्या लाखो पोरांच्या गळ्यावर. तिकडं वाढणं म्हणजे वाढणंच. आमची अम्मी 'चुडी थंडी झाली' म्हणायची. तिच्या गळ्यात ही पट्टी बांधली असती, तर तापमानाचं गणित धरलं असतं बघा."

हातच्या काकणाला आरसा कशाला, अशी म्हण आहे. इथं काकण हातात असून ते आहे म्हणून सिद्ध करायची वेळ आली होती. सोनलनं तिथूनच जिल्ह्याच्या मूल्यमापन कक्षाला फोन लावला. पलीकडचा तरुण अधिकारी सौजन्यानं बोलला. त्याला मुद्दा लगेच पटला, आणि तेच वाईट होतं, कारण पटूनही त्याच्या हातात काही नव्हतं.

"अर्ज करा मॅडम, मी स्वतः शिफारस करतो. पण यंत्राला नवे अर्थ वर्षातून एकदाच शिकवतात, उन्हाळ्यात. तुमची दुसरी फेरी त्याच्या आधी आहे. पहिल्या फेरीतलं उसनं ताकीद म्हणून सोडून देतात, पण त्या फेरीत एक जरी निघालं, तर विज्ञान शाळेच्या यादीतून नाव आपोआप जातं."

"मग मुलीनं काय करायचं?"

"शब्द बदलायचा," तो म्हणाला. "मुलं पटकन शिकतात हो."

ईश्वरी कासार म्हणजे काय चीज होती, हे त्याला कुठून कळणार? सातवीत असताना तिनं दुकानातल्या सगळ्या मापांच्या बांगड्या दोऱ्यानं मोजून काढल्या होत्या आणि वर्गात येऊन विचारलं होतं, "बाई, बाळबांगडी घ्या न्हाईतर जाड्या मावशीची घ्या, परिघाला व्यासानं भागलं की तेच का येतं? देवानं ठरवलंय का?" त्या दिवशी सोनल घरी जाऊन आनंदानं रडली होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. जिल्ह्याच्या निवासी विज्ञान शाळेत शाळा क्रमांक चारचं एकही मूल आजवर गेलं नव्हतं. ईश्वरी गेली नाही, तर ती गल्लीतल्या दुसऱ्या मुलींसारखी काउंटरवर बसेल, चांगलं बसेल, आणि तो प्रश्न तिच्याबरोबर तिथंच बसून राहील. सोनलला ते सहन होणार नव्हतं.

शाळा सुटल्यावर दोघींचा सराव सुरू झाला. सरावाची एक पट्टी शाळेकडं होती. बरोबर गेलं की तिच्यावरचा दिवा हिरवा व्हायचा, चुकलं की लाल.

"फुटल्या म्हण," सोनल म्हणायची.

"फुटल्या."

"आता मनात म्हण आणि गणित कर."

दिवा लाल.

"बाई, तोंडानं येतंय. मनात आपोआप दुसरं येतंय."

तोंडातला शब्द गिळता येतो. मनातला कुठं लपवायचा? सोनलनं बाजारातून स्वस्तातल्या काचेच्या बांगड्या आणल्या. कासारगल्लीतून नव्हे, दुसरीकडून. एक बांगडी तिनं ईश्वरीच्या हातात दिली. "टाक खाली. आणि बघताना मनात म्हण."

मुलीची मूठ सुटेना. घरात बांगडी पायाशी आली तरी ओलांडायची नाही, उचलून कपाळाला लावायची, अशा वळणात ती वाढलेली. शेवटी सोनलनंच तिच्या हातातून घेतली आणि फरशीवर टाकली. खळ्ळ आवाज झाला. ईश्वरीनं डोळे मिटून घेतले.

"काय झालं?" सोनलनं विचारलं.

"फुटली," ती पुटपुटली, आणि पट्टीवरचा दिवा पहिल्यांदा हिरवा झाला.

सोनलनं टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी तिला खरोखर आनंद झाला होता.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. तिसऱ्या दिवशीही. घाईत गणित सोडवायचं म्हटलं, की जो शब्द जास्त वापरातला तोच आधी धावून यायचा. ईश्वरीला स्वतःलाच ते उमगलं. "बाई, घरी जाऊन सगळे तसंच बोलत्यात. मी पण बोलते. मग सकाळी परत तोच येतो."

सोनलनं थोडा विचार केला. फार नाही, थोडाच. "मग घरीही बोलू नको," ती म्हणाली. "चाचणी होईपर्यंत एकच शब्द ठेव."

एवढं सांगायचं तर ते मुलीच्या आईच्या कानावर घालायला हवं, म्हणून सोनल दुकानात गेली. शीतल तिच्याच वयाची. सोनल लग्न होऊन धानापुरात आली तेव्हापासून तिच्या हातात बांगड्या भरल्या त्या शीतलनंच. बाजारात यंत्रानं मनगट मोजून बांगडी घालणारी दुकानं निघाली होती, पण शीतलसारखा हात दाबून, बोटं जुळवून, गप्पांत गुंतवून एक ओरखडा न काढता बांगडी चढवणारं यंत्र काही निघालं नव्हतं. नवरा अमोल पूर्वी जत्रांना माल घेऊन फिरायचा. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून तो दुकानामागच्या खोलीत खाटेवर पडून बांगड्यांचे जोड लावायचा.

शीतलनं सगळं ऐकून घेतलं. सोनलचा हात तिच्या हातातच होता.

"बाई, दुसरं काय पण शिकवा पोरीला," ती हळू आवाजात म्हणाली. "एवढं नका. आत माणूस असा पडलाय. त्याच्या देखत ती तसलं बोलायला लागली तर माझ्या काळजाचं काय?"

"वहिनी, शब्दानं काही होत नसतं."

"तुम्ही शिकलेल्या. तुमच्या लेखी होत नसंल."

"तिचं आयुष्य आहे हे. थोडे दिवस फक्त."

शीतलनं पुढची बांगडी घेतली. बांगडी चढवताना तिचा हात पहिल्यांदाच जरा जोरात दाबला गेला आणि सोनलच्या अंगठ्याशी ओरखडा उठला. तेवढ्यात आतून अमोलनं हाक मारली, "बाईंना आत येऊ दे की गं."

सोनल आत गेली. ईश्वरी बापाच्या खाटेशी बसून लाल-हिरव्या बांगड्या वेगळ्या करत होती. बापलेकीचं काहीतरी कोडं चाललं होतं. बाप आकडा सांगायचा आणि लेक मूठभर बांगड्या न मोजता उचलायची. मूठ उघडली की तेवढ्याच निघायच्या. हसता हसता एक बांगडी तिच्या बोटांतून निसटली आणि खाटेच्या पायावर आपटली.

"फुटली," ईश्वरी म्हणाली. साधं, सहज.

दारातली शीतल जागच्या जागी थिजली. तिचा हात वर गेला, लेकीला मारायला की स्वतःच्या तोंडावर ठेवायला, कुणास ठाऊक. अमोलनं मात्र हसून वेळ निभावून नेली.

"शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणं मांडवाला आग लागली," तो म्हणाला. "असू दे गं. पोरगी शास्त्र शिकतीय. शास्त्रात फुटली म्हंत्यात." मग सोनलकडं वळून, श्वास घेत घेत, "बाई, मी असंन-नसंन. हिला तिकडं पोचवा. मला दुसरं काय नको."

सोनलनं मान हलवली. त्या मान हलवण्यानं ती बांधली गेली, आणि खरं तर तिला बांधून घ्यायचंच होतं.

पुढं पट्टी हिरवी राहू लागली. मुलं पटकन शिकतात, हे अधिकाऱ्याचं बोलणं खोटं नव्हतं. नारळ फुटले, बरण्या फुटल्या, बांगड्या फुटल्या, आणि प्रत्येक वेळी वजाबाकी जिथल्या तिथं. सोनलनं मुद्दाम फसवे प्रश्न घातले. 'दुकानदारानं माल वाढवला' म्हटलं की ईश्वरीच्या मनात न अडखळता बेरीज यायची. मुजावर सरांनी एकदा दारात उभं राहून पाहिलं आणि 'मान गये' म्हणाले. फक्त एक गोष्ट सोनलच्या ध्यानात आली आणि तिनं ती बाजूला सारली. पोरगी बोलण्याआधी क्षणभर थांबायला लागली होती. "काय गं?" विचारलं तर म्हणाली, "मनात तपासून बघते बाई, कुठला शब्द हाय त्यो." वर्गात प्रश्न विचारणं तिनं सोडूनच दिलं होतं.

दुसरी फेरी तोंडावर आली असताना अमोल गेला.

सोनल पोचली तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. नवरा गेल्यावर बायकोच्या बांगड्या उतरवण्याची चाल बंद झाली पाहिजे असा पालिकेचा ठराव होता. पण ठराव राहिला पालिकेत आणि बायका होत्या उंबऱ्यात. कुणी जबरदस्ती केली नाही, हेही खरं. शीतलच म्हणाली, "माझ्या हातानं लोकाच्या लेकीबाळींना भरल्यात मी. माझं काय ते मला रीतीनं करू दे." गल्लीतली सगळ्यांत म्हातारी अनसाकाकू तिच्याजवळ सरकली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेनं, दुखऱ्या जागेवर फुंकर घालावी तशा आवाजात म्हणाली, "शीतल, बांगड्या वाढव, बाळ."

तो शब्द खरं तर ह्याच घटकेसाठी होता. फोड म्हणायला जीभ रेटावी लागू नये, ऐकणारीच्या काळजाला चरा पडू नये, म्हणून कितीएक पिढ्यांच्या बायकांनी तो जपून ठेवला होता.

बापाच्या उशाशी बसलेली ईश्वरी उठली. कुणाचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. ती पुढं दुकानात गेली आणि हिरव्या बांगड्यांचा एक मोठा तोडा घेऊन आली. आईपुढं बसली, तिचा हात मांडीवर ओढून घेतला, बोटं जुळवली, आणि एक एक बांगडी चढवायला लागली, जशी आईनं शिकवली होती तशी, एक ओरखडा न काढता.

आधी कुणाला काही कळेना. मग बायकांत हलकल्लोळ झाला. "अगं सोड!" "खुळी झाली पोर!" "उचला गं तिला!"

ईश्वरी गोंधळून सगळ्यांकडं बघत राहिली. तिचे हात थांबले नव्हते. "काकूच म्हणाली ना," ती म्हणाली, "वाढव म्हणून."

बायकांना वाटलं, धक्क्यानं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. एक-दोघी तर तिला पोटाशी धरून रडू लागल्या. खरं काय झालं होतं ते त्या गर्दीत फक्त दोघींना कळलं. शीतलनं मान वर करून दारात उभ्या असलेल्या सोनलकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सोनलला बरं वाटलं असतं. पण शीतलच्या नजरेत राग नव्हता. हे असंच व्हायचं होतं का बाई, एवढंच ती विचारत होती. सोनलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण एका लेकराच्या मनात हात घालून तिथलं काहीतरी उपटून काढलंय, आणि ते कशासाठी होतं हे आपल्याला माहीतही नव्हतं, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं.

शीतलनं लेकीनं घातलेल्या बांगड्या एकेक करून हलक्या हातानं उतरवल्या. "जा, ठेवून ये," ती म्हणाली. ईश्वरी दुकानात गेली, तेवढ्यात शीतलनं स्वतःचे दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले.

ईश्वरी चाचणीला बसली. तिनं बसू नये असं सोनल म्हणाली होती, आणि बसावं असं शीतल म्हणाली. "त्येंची इच्छा व्हती. आता काय राहिलंय मागं फिरायला?" मुलीला कुणी विचारलं नाही. ती आली, गळ्यात पट्टी बांधून घेतली, गणितं सोडवली आणि उठून गेली.

निकाल आला. एकही उत्तर उसनं नव्हतं. आख्ख्या जिल्ह्यात समजेचे एवढे गुण दुसऱ्या कुणाला नव्हते. ईश्वरीच्या मनातला जो एकच शब्द खरोखर दुसऱ्याकडून आणून ठेवलेला होता, त्याच्यापुढं यंत्रानं हिरवी खूण करून तो तिचा स्वतःचा ठरवला होता.

मुजावर सर पेढे आणायला माणूस पाठवणार होते, पण सोनलचा चेहरा बघून थांबले. मग जरा चाचरत म्हणाले, "आणखी एक. कक्षाचा निरोप आलाय. तुमचा अर्ज मान्य. पुढच्या वर्षापासून यंत्राला वाढणं म्हणजे फुटणं असाही अर्थ शिकवणार आहेत. फोनवरच्या त्या पोरानं बिचाऱ्यानं फार पाठपुरावा केला म्हणे."

"बरं झालं," सोनल म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पुढच्या वर्षी कासारगल्लीतल्या एखाद्या पोराचं भलं होईल. यंत्र तो शब्द शिकेल. ज्या पोरीमुळं शिकलं, तिला आता तो कोण शिकवणार?

ईश्वरी वसतिगृहात जायची त्याच्या आदल्या दुपारी सोनल दुकानात गेली. अमोल गेल्यापासून ती गेली नव्हती. धीरच झाला नव्हता. शीतलनं तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत ईश्वरी खाली बसून बॅगेत कपडे भरत होती. तिनं बाईंना पाहिलं, उठून नमस्कार केला आणि काही न बोलता परत घड्या घालायला बसली.

"कशी आहे?" सोनलनं विचारलं.

"हाय. जेवती, झोपती." शीतल कापडानं काउंटर पुसत होती, पुसलेलाच परत पुसत होती. मग तिनं कापड बाजूला ठेवलं आणि सोनलच्या अगदी जवळ येऊन बसली. "बाई, एक विचारू? त्या पट्टीला मनातलं ऐकू येतं ना?"

"येतं."

"चाचणीच्या दिवशी पोरीच्या गळ्यात व्हती ती. बाप जाऊन आठवडा झाला नव्हता. सगळा वेळ काय गणितंच म्हणत नसंल ती. मधी एखांद्या वक्ती बापाचं काय तरी आलंच असंल की मनात. माझ्यासंगं बोलत न्हाई हो ती. रडली पण न्हाई अजून. मी कुठला शब्द बोलीन आणि तिला काय लागंल, मलाच भ्या वाटतंय." तिनं सोनलचं मनगट धरलं. "तुम्हाला त्यातलं कळतंय. तेवढं बघून सांगा मला. काय म्हणाली ती, तेवढंच."

सोनलला उत्तर माहीत होतं. पट्टी सगळंच ऐकते. पण गणिताच्या ओळीत न बसणारं जे काही ऐकू येतं, त्याला यंत्र गलका समजतं, आणि गुण देताना अडचण नको म्हणून तिथल्या तिथं पुसून टाकतं.

"वहिनी, ते ठेवत नाहीत," ती म्हणाली. "गणिताचं तेवढं ठेवतात. बाकीचं पुसतात."

"ऐकून पुसत्यात?"

"हो."

"म्हंजी कुणी तरी ऐकलंय, पण आता कुणालाच सांगता यायचं न्हाई."

शीतलच्या हातांत सोनलचं मनगट तसंच राहिलं. आत ईश्वरीनं बॅगेची चेन ओढली, ती मध्येच अडकली, तिनं मागं घेऊन पुन्हा ओढली. उघड्या दारातून दोघी तिच्याकडं बघत बसल्या. पोरगी चार हातांवर होती. हाक मारली असती तर तिनं ओ दिली असती. पण कुठल्या शब्दानं हाक मारावी हे दोघींपैकी एकीलाही सुचेना, आणि बाहेर गिऱ्हाईक आलं तेव्हा शीतल डोळे पुसून उठली.